तुळशीखालची पाटी

मित्रांनो, पाटी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे शाळेतली, लाकडी चौकटीची पाटी येईल. मी ती नव्हे. मी दुकानाची पाटी आहे, आणि आता जुनी झाले आहे. दुबईतल्या अल बर्शा भागात एका इमारतीच्या तळमजल्यावर दुकानांची ओळ आहे. तिथल्या एका शिवणाच्या दुकानाच्या काचेच्या दारात मी कितीतरी वर्षे लटकले. आता मी दारात नाही. दाराबाहेर तुळशीची कुंडी आहे, तिच्याखाली आडवी पडून असते. कुंडीतून झिरपणारे पाणी फरशीवर ओघळू नये, एवढेच माझे काम.

कोणाला वाटेल, काय ही बिचारीची दशा! पण खरे सांगू का, मला इथेच बरे वाटते. लोकांनी मान वर करून पाहावे, असे माझ्या हातून काही झाले नाही. जे झाले ते आठवले की आजही मला लाज वाटते. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला लोखंडी गजांचे गोदाम आणि मधे पाट्या बनवणारे वर्कशॉप. तिथे अॅक्रिलिकच्या मोठ्या पांढऱ्या तावातून यंत्राने मला कापून काढले. कडा घासून गुळगुळीत केल्या. वरच्या दोन कोपऱ्यांना भोके पाडून त्यांत साखळी ओवली. अक्षरे माझ्या अंगात कोरलेली नव्हती. ती चिकटवायची होती. जुनी झाली की खरवडून काढायची आणि नवी लावायची. म्हणजे बघा, अंग माझे एकच, पण बोल दरवेळी नवे.

मला घ्यायला एक मराठी जोडपे आले होते. विलासराव एका कंपनीत इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी उर्मिलाताई. बायकांचे कपडे शिवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे दुकान उर्मिलाताई उघडणार होत्या. माझ्यावर काय लिहायचे ते ठरले होते. 'फक्त स्त्रियांसाठी. कृपया घंटी वाजवा.' ते इंग्रजीत लिहायचे होते.

उर्मिलाताई हळूच म्हणाल्या, "अहो, खाली अरबीतसुद्धा घालायचं का?"

"कशाला? दुकानावरच्या मोठ्या पाटीवर आहे ना अरबी. तिथे लागतंच. हिला कोण विचारतंय?" विलासरावांनी मला बोटाने टिचकी मारली. "आणि इथे सगळ्यांना इंग्लिश येतं अगं. मॉलमध्ये बघत नाहीस? लोकल मुली कशा फाडफाड बोलतात. इंग्लिश एकटं असलं की कसं क्लीन दिसतं."

"तसं म्हणता? बरं," उर्मिलाताई म्हणाल्या. त्यांचा स्वभावच मऊ. एकदा सांगून बघायचे, कोणी नको म्हटले की गप्प राहायचे.

मीही नवी होते, चकचकीत होते. मला विलासरावांचे म्हणणे पटले. 'क्लीन' हा शब्द तर मला फारच आवडला.

मग मी दारात लागले. माझे कौतुकही खूप झाले. विलासरावांचे मित्र सहकुटुंब आले की म्हणायचे, "वा, एकदम इंटरनॅशनल दिसतंय!" सणावाराला माझ्यावर सेलची अक्षरे लागायची. रमजानात दुकानाच्या बदललेल्या वेळा लागायच्या. ती सगळी अक्षरे इंग्रजीच. आजूबाजूच्या दारांवरही असेच होते. केकवाल्याचे इंग्रजी, चपलांच्या दुकानाचे इंग्रजी. आम्ही सगळ्या दारांवरच्या पाट्या एकमेकींकडे बघून खूश होतो. ज्यांच्या देशात आम्ही टांगलेल्या होतो, त्यांची भाषा आमच्यापैकी एकीच्याही अंगावर नाही, हे आमच्या कधी मनातसुद्धा आले नाही.

एकदा एक वयस्क अरब गृहस्थ, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले, बायकोच्या झग्याची पिशवी घेऊन सरळ आत शिरले. आत एक मुलगी कपडा घालून बघत होती. ती किंचाळली. ते गृहस्थ छातीवर हात ठेवून, पाठ फिरवून, धडपडत बाहेर पडले. पिशवी उंबऱ्यातच राहिली.

"एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, दिसत नाही का?" आतली कोणीतरी म्हणाली.

मलाही तेव्हा तसेच वाटले. मी इतकी स्वच्छ लिहिलेली. वाचले नाही तर दोष त्यांचा! ते गृहस्थ कोपऱ्यावर उभे राहून कितीतरी वेळ घाम पुसत होते. पिशवी न्यायला ते स्वतः आलेच नाहीत. संध्याकाळी त्यांचा ड्रायव्हर येऊन घेऊन गेला.

दुकानाबाहेर तुळस होती. उर्मिलाताईंच्या फ्लॅटला ऊन येत नाही, म्हणून तुळशीचा मुक्काम दुकानापाशी. त्यांचा नेम असा, की सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, हा नेम चुकला नाही. कुंडीला रोज हळदीकुंकवाचे बोट लागायचे. संध्याकाळी दुकानातल्या फळीवरच्या गणपतीपुढे दिवा लागायचा आणि आरती व्हायची. आरतीला त्यांची मुलगी केया असायची. तिचा जन्म इथला, शाळाही इथलीच. आई मराठीत बोलली तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शाळेत सक्तीची म्हणून अरबी शिकायची. मराठी अक्षरे मात्र तिला येत नव्हती. पण आईने आरतीचे पुस्तक हातात दिले की ती ओठ हलवायची, डोळे ओळींवरून फिरवायची आणि पान उलटायची वेळ झाली की चोरून आईच्या बोटांकडे बघायची. उर्मिलाताईंना हे कळत होते की नाही, देव जाणे. मला दारातून सगळे दिसायचे.

दुकानात येणाऱ्या सगळ्या बायकांत उर्मिलाताईंच्या जिवाभावाच्या झाल्या त्या यम्नाखाला, म्हणजे यम्नामावशी. मागच्या गल्लीतल्या व्हिलात राहणाऱ्या, इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. वयाने आजीच्या. काळा अबाया, हातात काठी, आणि हिंदी मात्र तुमच्याआमच्यापेक्षा गोड. त्यांचे वडील गलबतातून मुंबईला जायचे, तिथून कापड आणायचे. घरात मुंबईची माणसे उतरायची. त्यामुळे लहानपणापासून हिंदी कानावर होती, उरलेली सिनेमांनी शिकवली. दारात आल्या की काठीने काचेवर टकटक करायच्या. घंटी त्यांनी कधी वाजवली नाही. मला वाटायचे, जुनी सवय असेल.

"उर्मिला, चाय है कि खलास?"

"आपके लिए खलास कैसे होगी, खाला? आइए."

मग गप्पा. गुडघे कसे दुखतात, सुना कशा वागतात, केया कशी उंच झाली. त्या इतकी छान हिंदी बोलायच्या, की कोणाला कधी शंकाच आली नाही. बोलतात म्हणजे सगळे येत असणार! कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

एके दिवशी यम्नाखाला कापडात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आल्या. आत एक फाटका जुना हिरवा झगा होता. त्याच्या गळ्याला आणि बाह्यांना चांदीच्या जरीची, हाताने विणलेली नाजूक पट्टी होती. तिला इथे तल्ली म्हणतात.

"मेरी माँ ने बनाया, अपने हाथ से," खाला म्हणाल्या. "कपडा मेरा बाप बंबई से लाया था. कपडा मर गया, तल्ली जिंदा है. तू नया हरा कपडा ले, यह उस पर लगा दे. शम्मा की मेहंदी है. उस दिन यही पहनेगी, इन्शाल्ला."

शम्मा त्यांची नात. इथे मेहंदीच्या दिवशी नवरीला हिरवे घालतात.

"कपडा हमारी मुंबई का, जरी आपकी," उर्मिलाताई हसल्या. "फिर तो शम्मा आधी हमारी हुई."

"आधी क्यों? पूरी ले जा. बहुत खाती है."

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग खालांनी आवाज खाली आणला. "घर में किसी को पता नहीं. मैं उसी दिन उसको देगी. तू भी मत बोलना. मेहंदी के पहले मैं खुद आके ले जाएगी."

उर्मिलाताईंनी ती तल्ली दोन्ही हातांत घेतली आणि आधी कपाळाला लावली. मोलाचे काही हातात आले की त्या असेच करतात.

काम सुरू झाले. टाका टाका उसवून पट्टी सोडवायची, जरीचा एक धागाही तुटू द्यायचा नाही, मग नव्या रेशमावर बसवायची. झगा होत आला आणि एका सकाळी छतातल्या एसीच्या पाइपला मोठी गळती लागली. दुकानात पाणीच पाणी. झगा उंच टांगलेला होता म्हणून वाचला. इमारतीच्या माणसांनी सांगितले, छत उघडावे लागेल, दुरुस्ती होईपर्यंत पहिल्या मजल्यावरची मागची रिकामी जागा घ्या. एका दिवसात मशिनी, कापडे, गणपती सगळे वर गेले. तुळस तेवढी खाली राहिली, कारण वर ऊन नव्हते. आणि मी खाली राहिले, कारण निरोप सांगायला कोणीतरी हवे होते.

विलासरावांनी माझी जुनी अक्षरे खरवडली आणि नवी लावली. 'आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो आहोत. मागच्या दाराने या.' सुबक, ठसठशीत इंग्रजी. मग माझा फोटो काढून उर्मिलाताईंच्या फोनवरून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. काय सांगू, मी किती फुशारले होते! माझा फोटो दुबईभर!

सगळ्यांत आधी यम्नाखालांचे उत्तर आले. एक लाल गुलाब. मागोमाग आणखी एक.

"बघा, खालांना कळलंसुद्धा!" उर्मिलाताईंनी निःश्वास टाकला. "तीच एक काळजी होती."

मित्रांनो, पुढचे सांगताना माझा आवाज खाली जातो.

मेहंदीला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा यम्नाखाला दुपारच्या नमाजानंतर काठी टेकत आल्या. त्यांनी नेहमीसारखी काचेवर टकटक केली. आत अंधार होता. त्यांनी काचेला कपाळ लावून, हाताचा आडोसा करून आत पाहिले. रिकाम्या फळ्या, उघडे छत, जमिनीवर गोण्या. त्या मागे सरकल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी माझी सगळी अक्षरे त्यांच्यापुढे धरली होती. 'वर आहेत, मागून या, झगा तयार आहे,' असे मनात ओरडत होते. पण पाटीचे मन कोणाला ऐकू येते? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि एकेक आकडा दाबत नंबर लावला. फोनमधली नावे इंग्रजीत होती, ती त्यांना लागत नव्हती; पाठ होता तो एकच, दुकानात खालीच राहिलेल्या फोनचा नंबर. घंटी वाजू लागली. माझ्या पाठीमागे, बंद काचेआड, रिकाम्या दुकानात. त्यांनाही ती ऐकू आली. त्यांनी फोन कानापासून दूर केला आणि काचेतून आत, त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या.

तेवढ्यात एक माणूस फोनवर बोलत तिथून चालला होता. ते विलासराव होते. दुकानाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी न्यायला आले होते. दुकान बायकांचे, त्यामुळे ते दिवसा तिथे कधी येत नसत. खालांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांनी खालांना नव्हते.

"सुनो बेटा," खाला म्हणाल्या, "यह दुकान..."

विलासरावांनी फोन कानाला तसाच ठेवला आणि मोकळ्या हाताने माझ्याकडे बोट केले. "लिखा है ना, आंटी. वहाँ लिखा है, सब लिखा है." आणि शिडी उचलून, "हां सर, सॉरी सर, बोला," म्हणत निघून गेले.

यम्नाखालांचा चेहरा लालबुंद झाला. "अच्छा. अच्छा," त्या पाठमोऱ्या विलासरावांना म्हणाल्या. मग त्या माझ्यासमोर नीट उभ्या राहिल्या, चष्मा सरळ केला आणि मला वाचू लागल्या. म्हणजे, वाचत असल्यासारखे करू लागल्या. मला तेव्हा कळले. त्यांचे डोळे उजवीकडून डावीकडे जात होते. ओळ संपली की पुन्हा उजवीकडून डावीकडे. जशी त्यांची भाषा वाचतात तसे. माझे इंग्रजी त्या उलटे वाचत होत्या. रस्त्यावर कोणी बघत असेल तर त्याला वाटावे, की या बाईला वाचता येते.

असे डोळे मी आधीही पाहिले होते. आरतीच्या पुस्तकावर, केयाचे.

त्या जन्मभर ज्या गावात राहिल्या, त्याच गावात, स्वतःच्या घराच्या मागच्या गल्लीत, मी त्यांना अडाणी करून ठेवले. घंटी त्या का वाजवत नव्हत्या, ते मला त्या दिवशी उमगले. कंदुऱ्यातले ते म्हातारे गृहस्थ आठवले. मला वाटले, साखळी तुटून मी खाली पडावे. पण साखळी चांगली मजबूत होती.

यम्नाखाला दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. माझ्यासमोर उभ्या राहायच्या, कोणी जवळून गेले की चष्मा सरळ करायच्या. पुन्हा कोणाला विचारायची त्यांची छाती झाली नाही. घरी सांगावे तर झग्याचे गुपित फुटणार, आणि त्याहून मोठे म्हणजे हे दुसरेच उघडे पडणार.

इकडे उर्मिलाताई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला यायच्या. शाळेची बॅग पाठीला लावून केया सोबत असायची.

"खाला अजून आल्या नाहीत गं. झगा इस्त्री करून ठेवलाय. रागावल्या असतील का?"

"मे बी दे आर बिझी, मम्मा. वेडिंग आहे ना."

"फोन करू म्हटलं, तर त्यांचा फोन घरातलं कोणीही उचलतं, आणि कोणाला सांगू नको म्हणाल्यात."

सकाळी एक यायची, दुपारी दुसरी. मधे मी. दोघींचे बोलणे मला ठाऊक, आणि ज्या कामासाठी मला टांगले होते तेच एक काम मला येत नव्हते.

मग मेहंदीचा दिवस आला. मागच्या गल्लीत व्हिलावर दिव्यांच्या माळा लागल्या, गाड्या थांबल्या, बायकांची गाणी आणि ढोलाचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्या दिवशी यम्नाखाला आल्या नाहीत. वरच्या मजल्यावर हिरवा झगा हँगरवर होता.

दुसऱ्या दिवशी तुळशीचे लग्न होते. विलासराव कामावरून लवकर आले होते. उर्मिलाताईंनी ठरवले होते, रस्त्याकडेला फार गाजावाजा नको, एक निरांजन, उसाचे कांडे, आणि तुळशीला नेसवायला हिरव्या खणाचा तुकडा. सूर्य मावळायला टेकला होता. तिघे जिन्याने उतरून, इमारतीला वळसा घालून पुढे आले, आणि उर्मिलाताई जागच्या जागी थांबल्या.

तुळशीच्या कुंडीशेजारी, पायरीवर, यम्नाखाला बसल्या होत्या. काठी भिंतीला टेकवलेली. त्यांनी आज माझ्याकडे पाहिले नव्हते. आल्या, कुंडीपाशी वाकल्या, मातीत बोट घातले, बोट वर करून पाहिले आणि तिथेच बैठक मारली होती.

"खाला! आप यहाँ?"

यम्नाखालांनी वर पाहिले. "मिट्टी गीली है," त्या म्हणाल्या. "लाल टीका भी ताजा है. तो मैं समझी, उर्मिला गई नहीं. कोई रोज आता है. सोचा, आज तो बैठेगी, जब तक पानी देने वाली नहीं आएगी."

"गई? कहाँ जाऊँगी मैं? हम तो ऊपर हैं! मैंने फोटो भेजा था ना? आपने गुलाब भेजा..."

"तूने फोटो भेजा, मैंने फूल भेजा." खाला थोड्या हसल्या. "मुझे क्या मालूम अंदर क्या है. सब लोग अंग्रेजी भेजते हैं. मैं सबको फूल भेजती हूँ."

उर्मिलाताईंनी हातातले ताट केयाकडे दिले आणि त्या खालांच्या पायाशी खालीच बसल्या. "मेहंदी?"

"हो गई. कल."

"और शम्मा ने क्या पहना?"

"दूसरा पहना. दुकान का. अच्छा था." खाला हाताची बोटे दाबत म्हणाल्या. "बाद में मैंने उसको बोला, तेरे लिए एक चीज बनाने दिया था, लाना भूल गई. तेरी दादी बुड्ढी हो गई, खलास."

मित्रांनो, नातीपुढे विसरभोळी म्हातारी व्हायला त्या तयार झाल्या, पण एक पाटी वाचता आली नाही हे त्यांना सांगवले नाही. ती पाटी मी.

तेव्हा त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या विलासरावांवर गेली. "अरे, यह तो वही है. इसने बोला था मेरे को, लिखा है." त्यात राग नव्हता. ओळखीचा माणूस भेटल्यासारखे त्या म्हणाल्या. "कौन है? तेरा आदमी? माशाल्ला, बडा आदमी है. फोन पर था."

उर्मिलाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. विलासराव माझ्याकडे बघू लागले. त्यांना बघायला दुसरी जागा नव्हती. मला मात्र कुठेच बघता येत नव्हते. पाटीला मान नसते, नाहीतर मी ती खाली घातली असती.

"सॉरी, आंटी," शेवटी ते म्हणाले. "मैंने देखा नहीं आपको."

"क्यों सॉरी? लिखा तो था," खाला म्हणाल्या.

उर्मिलाताई वर गेल्या आणि झगा घेऊन आल्या. खालांनी तो उघडून पाहिला नाही. कापडाच्या घडीत हात घालून बोटांनी ती तल्ली चाचपली, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत. "पूरी है. एक तार भी नहीं टूटा," त्या म्हणाल्या. मग झगा पुन्हा कापडात गुंडाळत, "शम्मा की बेटी पहनेगी. इन्शाल्ला."

तेवढ्यात मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली. केयाने निरांजन लावायला काडी हातात घेतली होती. उर्मिलाताईंनी हाताने थांब म्हटले. अजान संपेपर्यंत सगळे थांबले. मग खाला काठी घेऊन उठल्या. "तू अपना काम कर, बेटी. मैं नमाज पढके आती हूँ. चाय रख." उर्मिलाताईंनी हिरव्या खणाचा तुकडा हातात घेतला. तुळशीला नेसवताना त्या रडत होत्या. नवरीला मिळाले नाही ते हिरवे झाडाला नेसवताना त्यांना काय वाटले असेल, ते मी सांगायला नको.

त्याच संध्याकाळी केयाने मला साखळीवरून काढले आणि उलटे केले. "मम्मा, आय कॅन राइट इट इन अॅरबिक."

"तुला येतं? मग आधी का नाही गं बोललीस?"

"यू नेव्हर आस्क्ड."

खाला चहा पीत सांगत गेल्या, केया माझ्या कोऱ्या पाठीवर जाड पेनाने लिहीत गेली. उजवीकडून डावीकडे. एका ठिकाणी ती अडली, तेव्हा खालांनी पेन तिच्या हातातून घेतले आणि तो शब्द स्वतः लिहिला. मोठा, ठसठशीत. विलासरावांनी मला पुन्हा लटकवले, पाठ रस्त्याकडे आणि तोंड काचेकडे. बरोबरच होते. तोंड दाखवण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते.

आता दुकान पुन्हा खाली आले आहे. दारात नवी पाटी आहे, वर अरबी, खाली इंग्रजी. विलासरावच ती घेऊन आले, कोणी सांगितले नव्हते. आणि आरती झाल्यावर उर्मिलाताई केयाला पुस्तकातले एक अक्षर शिकवतात. रोज एकच. त्यांचे नेम असेच असतात, लहान आणि न चुकणारे. केया आता ओठ खोटे हलवत नाही. येत नसेल तिथे "डोन्ट नो" म्हणते, आणि तिची आई रागावत नाही.

यम्नाखाला अजून येतात. त्या आता काचेवर टकटक करत नाहीत. नवी पाटी वाचतात आणि घंटी वाजवतात, गरज नसताना दोनदा.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूर देशी जाल, तिथे दुकाने थाटाल, पाट्या लावाल. पाटी लावून झाली की लगेच तिचा फोटो काढू नका. क्षणभर तिच्यासमोर उभे राहा. ज्यांच्या अंगणात तुम्ही पाहुणे आहात, त्यांची आजी इथे उभी राहिली तर तिचे डोळे कुठून कुठे जातील, तेवढे बघा. आणि कोणी पाटीपाशी थबकलेले दिसले, तर बोट दाखवून पुढे जाऊ नका. फोन खाली ठेवा आणि वाचून दाखवा.

रोज सकाळी उर्मिलाताई तुळशीला पाणी घालतात. ते मुळांतून झिरपत माझ्यावर येते. माझी इंग्रजी अक्षरे कडेने सुटू लागली आहेत, पांढरी पाटी पिवळट होत चालली आहे. पाठीवरची केयाची आणि खालांची अक्षरे फरशीकडे आहेत, ती कोरडी आहेत. परवा खाला कुंडीपाशी वाकल्या, माझी कड त्यांना दिसली. "अरे, यह इधर है अभी?"

"हाँ खाला," उर्मिलाताई म्हणाल्या. "पानी पकडती है."

खालांनी मातीत बोट घातले, ओल पाहिली आणि त्या आत चहाला गेल्या.